खेड्यातली बालवाडी नियमात बसते का हे नेमकं कसं बघायचं? हातात ११ पानी फॉर्म आहे आणि अनुभव शून्य

नवखी_आहे:

नमस्कार मंडळी. एका छोट्या संस्थेत दोन महिन्यांपूर्वी ऑफिसकामाला लागले आणि गळ्यात पडलंय भलतंच. संस्थेची खेड्यात एक बालवाडी आहे, पटावर ३४ मुलं, वय ३ ते ५, दोन खोल्या, एक शिक्षिका, एक मदतनीस, शिवाय स्वयंपाकाच्या मावशी अर्धा दिवस. परवान्याचं नूतनीकरण आहे, तीन आठवड्यांनी तपासणीला येणार. त्याआधी "तू एकदा जाऊन सगळं नियमात आहे ना ते बघून ये" असं म्हणून साहेबांनी फॉर्म हातात दिला आणि मोकळे झाले.

फॉर्म वाचला. पुरेशी जागा आहे का, होय/नाही. पुरेसा उजेड आहे का, होय/नाही. पाणी सुरक्षित आहे का, कर्मचारी पुरेसे आहेत का, सगळं असंच. आता पुरेसं म्हणजे किती हे मी कशावरून ठरवू? गेल्या वर्षीचा भरलेला फॉर्म फाईलमध्ये सापडला, त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होय होय होय, एकाच पेनानं, एका बैठकीत भरल्यासारखं. आणि ज्यानं भरला तो माणूस आता इथे नाही, म्हणजे विचारायचीही सोय नाही.

दुसरी भीती अशी की खरं लिहिलं आणि बालवाडी बंद पडली तर? आसपास दुसरी नाहीये. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, सुरुवात कुठून करू, आणि सोबत काय नेऊ?

मोजपट्टीवाला:

ताई, वीस-बावीस वर्षं हेच काम केलं, आता रिटायर आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पहिली गोष्ट, फॉर्म म्हणजे नियम नव्हे. फॉर्म कुणीतरी नियमावरून बनवलेला असतो आणि बनवताना आकडे गाळलेले असतात, म्हणून "पुरेसं" हा शब्द उरतो. तुमच्या भागात जो नियम लागू आहे त्याची मूळ प्रत मिळवा, दुरुस्त्यांसकट, आणि त्यात प्रत्येक "पुरेसं"च्या समोर आकडा शोधा. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतील.

ती प्रत हातात येईपर्यंत अंदाज यावा म्हणून इंग्लंडचे आकडे देतो कारण ते सुटसुटीत आहेत. तिथे ३ ते ५ वर्षांच्या मुलामागे २.३ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे २.५ आणि त्याहून लहान असेल तर ३.५ चौरस मीटर जागा लागते. पण गंमत पुढे आहे, ही जागा वापरातली धरायची. स्वयंपाकघर, संडास, सामानाची जागा, ये-जा करायचा पट्टा, हे सगळं वजा. मी कितीदा पाहिलंय की भिंत ते भिंत मोजून आकडा लिहिलाय आणि खोलीचा एक कोपरा मात्र धान्याच्या पोत्यांनी आणि मोडक्या खुर्च्यांनी कमरेपर्यंत भरलेला. पोत्यांवर मुलं बसतात का हो?

माणसांचं पण तसंच. तिथे ३ वर्षांच्या पुढच्या मुलांना पदवीवाले प्रशिक्षित शिक्षक स्वतः मुलांमध्ये असतील तर १३ मुलांमागे एक मोठं माणूस, नसतील तर ८ मागे एक. दोन वर्षांच्या मुलांना आधी ४ मागे एक होतं, २०२३ पासून ५ मागे एक केलं. आता तुमच्याकडे मावशींना धरून तीन माणसं होतात असं कुणी सांगेल. धरू नका. चुलीपाशी असलेलं माणूस मुलांकडे बघत नसतं आणि बघत असेल तर चुलीकडे बघत नसतं, दोन्ही वाईट.

आणि वेळ. अकरा वाजता जाऊ नका, अकरा वाजता सगळ्या बालवाड्या छान असतात, मुलं गोल करून गाणं म्हणत असतात. सकाळी उघडायच्या आधी जाऊन उभ्या राहा आणि शेवटचं मूल घरी जाईपर्यंत थांबा. मदतनीस एका मुलाला संडासला घेऊन जाते तेव्हा खोलीत किती मुलं आणि कोण, ते घड्याळ बघून लिहा. ते वहीत असलेल्या पटापेक्षा खरं.

सोबत काय न्यायचं: मोजपट्टी, टॉर्च, वही, जुने कपडे. जुने कपडे का ते खालचं कुणीतरी सांगेलच.

दोन_पोरांची_आई:

मी सांगते काका 😀 कारण गुडघ्यावर बसून सगळी खोली फिरायची असते! मी काही तपासनीस नाही, पण पालक समितीत तीन वर्षं होते आणि माझा धाकटा जिथे जायचा तिथे (नाव नाही घेत) व्हरांड्याच्या कठड्याच्या गजांमध्ये त्याचं डोकं अडकलं होतं. अंग आरपार गेलं, डोकं नाही गेलं. अर्धा तास. शेवटी गज वाकवून काढला आणि त्या अर्ध्या तासात मी काय काय नवस बोलले ते मलाच माहीत. त्याच्या आधीच्या आठवड्यात तिथे तपासणी होऊन "कठडा आहे, होय" असं लिहून गेले होते. कठडा होताच ना!

नंतर वाचलं तेव्हा कळलं की याचा आकडा असतो. अमेरिकेत सार्वजनिक खेळमैदानांसाठी जे सुरक्षेचं हँडबुक आहे त्यात साडेतीन इंच ते नऊ इंच यांच्या मधली कुठलीही फट धोक्याची धरतात, साधारण ९ ते २३ सेंटिमीटर. त्याहून लहान असेल तर अंगच जात नाही, मोठी असेल तर डोकंही निघून येतं. मधलीच वाईट. म्हणून मोजपट्टी कठड्याला, जिन्याला, फाटकाखाली, खिडकीच्या गजांना, शिडीच्या पायऱ्यांना सगळीकडे लावायची.

खाली बसल्यावर काय काय दिसतं बघा. टेबलाखालून बाहेर आलेला खिळा. दाराची बिजागरीकडची फट, तिथे बोटं चेमटतात, कडीकडे नाही, आपण कायम कडीकडेच बघतो. पडद्याची लोंबती दोरी. प्लग. भिंतीचा रंग जिथे पोपडे येऊन सुटलाय तिथे खालच्या दोन फुटांत नखांनी खरवडलेला असतो आणि ते पोपडे तोंडात जातात, जुन्या रंगात शिसं असू शकतं. नव्या रंगासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत शिसं अशी आहे, जुन्या भिंतीवर काय लावलंय ते कुणालाच माहीत नसतं. तर पोपडे दिसले की लिहायचं. आणि कोरडे खरवडून झाडू मारायचं नाही बरं का, धूळ होते, ओलं करून काढायचं.

खेळण्यांचं सोपं आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशाचा अंदाज म्हणून एक छोटी नळी वापरतात, तोंड ३१.७ मिलिमीटर, त्यात जे पूर्ण मावतं ते त्या वयाला द्यायचं नाही. ती नळी नसेल तर टॉयलेट पेपरच्या आतला पुठ्ठ्याचा रोल घ्या, तो थोडा मोठा असतो म्हणजे चूक झाली तरी बऱ्या बाजूनं होते. तुमची मुलं ३ च्या पुढची आहेत असं म्हणताय, पण बालवाडीत कुणाचं तरी दीड वर्षाचं भावंड मागे मागे आलेलं असतंच की नाही ते बघा. असतंच!

पाणी_बघणारा:

मी पाण्याच्या लॅबमध्ये आहे, फक्त माझ्यापुरतं लिहितो. "पाणी सुरक्षित आहे का" या रकान्यात ९९ टक्के लोक ग्लास उजेडात धरून होय लिहितात. स्वच्छ दिसणारं पाणी आणि सुरक्षित पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

जंतूंसाठी निकष सोपा आहे: १०० मिलिलिटरमध्ये ई कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) सापडता कामा नये, एकही. खेड्यात विहीर किंवा बोअर असेल तर त्यासोबत नायट्रेट तपासून घ्या, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम, कारण आजूबाजूला शेतं आणि गोठे असतात. फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. आणि कृपा करून "आम्ही उकळून देतो" हे उत्तर नायट्रेटला चालवून घेऊ नका. उकळल्यानं जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट वाढतं.

नमुना घेताना लोक हमखास घोळ घालतात. लॅबमधूनच निर्जंतुक बाटली मागून घ्यायची, धुतलेली पाण्याची बाटली नाही चालत. क्लोरिन टाकलेलं पाणी असेल तर तसं आधी सांगा, त्या बाटलीत क्लोरिन मारणारं औषध घालून देतात. नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरायची, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. दोन नमुने घ्या, एक उगमाला आणि एक मुलं ज्या पिंपातून पितात तिथला. उगम चांगला आणि पिंप घाण असं मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलंय, कारण पिंपात हात घालून ग्लास बुडवतात. नळ लावलेलं पिंप घ्या, प्रश्न मिटला.

क्लोरिन टाकत असाल तर मुलं पितात तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक दिसायला हवं, ते बघायचा छोटा किट मिळतो. आणि शिडी लावून टाकीवर चढा. झाकण आहे का बघा. एका ठिकाणी झाकणाऐवजी पत्रा होता आणि पत्र्याखाली पारव्याचं घरटं. आत काय काय पडलं होतं ते जेवताना वाचणारे असतील म्हणून लिहीत नाही.

खडू_डस्टर:

मी दुसऱ्या बाजूनं बोलते, म्हणजे ज्यांची तपासणी होते त्या बाजूनं. १४ वर्षं बालवाडीत शिकवते. वर सगळं बरोबरच लिहिलंय पण नवखीताई, तुम्ही मोजपट्टी घेऊन आत शिरलात की तुमच्या शिक्षिकेच्या पोटात गोळा येणार आहे आणि मग ती तुम्हाला सगळं ठीक आहे एवढंच सांगेल. तिला आदल्या दिवशी फोन करा, सांगा की मी चुका धरायला नाही येत, तपासणीवाले येण्याआधी आपण दोघी मिळून बघू. आणि पहिला प्रश्न एवढाच विचारा, "तुम्हाला रोज कशाची धास्ती वाटते?" ती जे सांगेल ते तुमच्या फॉर्मच्या ११ पानांत नसेल. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की शेजारच्या शेतात फवारणी सुरू झाली की वास थेट वर्गात येतो आणि मी खिडक्या लावून ३० मुलं कोंडून बसते. कुठल्या रकान्यात लिहू ते? शेजाऱ्याशी बोलून ठेवा एवढंच, की फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप द्या. ते बिचारे देतात, आपण सांगत नाही.

पटाबद्दलही. पट आणि हजेरी वेगळी आणि तपासणीच्या दिवशी ती आणखीच वेगळी 🙂 तुम्ही डोकी मोजा.

आगीचं बघताना आग विझवायचा सिलिंडर भिंतीवर आहे का एवढंच बघतात. काटा हिरव्यात आहे का, तारीख उलटली का, आणि मुख्य म्हणजे शिक्षिकेला तो उघडता येतो का. आमच्याकडचा तिसऱ्या वर्षी कळलं की पिन गंजून बसलीय. खेड्यात आगीची गाडी यायला वेळ लागणार हे धरूनच चालायचं, म्हणजे सगळी भिस्त पटकन बाहेर पडण्यावर. दोन दारं आहेत का, दुसऱ्या दारासमोर कपाट तर नाही ना, दार बाहेर उघडतं की आत, आणि बाहेरून कडी कोण लावतं. ही बाहेरची कडी बघाच. मुलं पळून जाऊ नयेत म्हणून लावतात, हेतू चांगला असतो, पण आत माणसं असताना बाहेरून कडी म्हणजे डोक्यावर टांगती तलवार. एकदा घड्याळ लावून सगळ्यांना बाहेर काढून दाखवा म्हणा, रजिस्टर घेऊन, बाहेर मोजून.

जाता जाता, जागेच्या नियमांवर. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच पोरांच्या अंगणात घेऊन गेल्या. चौरस मीटर कुठून मोजणार? याचा अर्थ नियम नकोत असं नाही हो, पण चकाचक इमारत म्हणजे चांगली बालवाडी असं वाटायला लागलं की मला हे आठवतं.

नवखी_आहे:

सगळ्यांचे खूप आभार, काल जाऊन आले, सकाळी कुलूप उघडायच्या आधीपासून ते शेवटच्या मुलापर्यंत. खडूताई, तुमचा प्रश्न पहिला विचारला आणि बाईंनी लगेच परसात नेऊन विहीर दाखवली. कठडा आहे पण एका बाजूचे दगड ढासळलेत, दारापासून माझी पावलं चाळीस. फॉर्ममध्ये विहिरीचा रकानाच नाही! इमारतीच्या हद्दीबाहेर आहे म्हणून.

आकडे सांगते. खोल्या ६.१ बाय ४.८ आणि ६.१ बाय ५.२, म्हणजे मिळून ६१ चौरस मीटर. कपाटं आणि पोती (हो काका, पोती!) वजा जाता ५७. इंग्लंडच्या हिशोबानं २४ मुलं. आमच्या नियमाची प्रत मिळाली, त्यात आकडा जरा वेगळा आहे पण त्यानंही ३४ बसत नाहीत. डोकी मोजली तर २७, त्यातली दोन पटावर नसलेली भावंडं, एक दोन वर्षांचा आणि एक त्याहून लहान, दोघं एका पिशवीतल्या बटणांशी खेळत होते. मी ती पिशवी उचलून माझ्या पर्समध्ये टाकली, अजून तिथेच आहे.

साडेदहा ते बारा या वेळात मदतनीस नऊ वेळा बाहेर गेली. त्या प्रत्येक वेळी २५-२६ मुलं आणि एकट्या बाई. घसरगुंडीची वरची पायरी माझ्या खांद्याला लागते, खाली टणक माती. दुसऱ्या दारासमोर कपाट नव्हतं, पण दार उघडेचना, रंग देताना चिकटलंय. फोनची रेंज खोलीत नाही, फाटकापाशी जाऊन हात वर केला की एक काडी येते. पाण्याचे नमुने दिलेत, रिपोर्ट यायचाय.

आता हे सगळं लिहिलं तर मला खरंच भीती वाटतेय. बंद केली तर ही पोरं जाणार कुठे?

मोजपट्टीवाला:

शाब्बास. नऊ वेळा मोजलंत, हे मी नोकरीत असताना माझ्या हाताखालच्यांकडून कधी करून घेता आलं नाही.

आता बंद पडण्याचं. ही भीती खरी आहे आणि ती उडवून लावायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२१ मध्ये जगात बुडून सुमारे ३ लाख माणसं गेली आणि त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं. त्यावर त्यांनी जे उपाय सांगितलेत त्यात एक आहे पाण्याला अडसर घालणं आणि दुसरा, लहान मुलांना पाण्यापासून लांब, कुणाच्या तरी नजरेखाली ठेवणारी जागा. म्हणजे तुमची बालवाडी. मोठी माणसं शेतात असताना पोरं एकटी फिरण्यापेक्षा तिथे असणं हाच मुळात बचाव आहे. म्हणून डोळे मिटून कुलूप ठोकणारा तपासनीस मला कधी आवडला नाही, आणि डोळे मिटून होय लिहिणारा तर त्याहून नाही, कारण त्यानं विहीर आहे तशीच ठेवली.

तुम्ही असं करा. वहीतल्या गोष्टी तीन ढिगांत टाका. आज थांबवायच्या: विहीर, चिकटलेलं दार, बाहेरून कडी लावत असतील तर ती. यांना पैसे फार लागत नाहीत, दगड रचा, वर पक्की जाळी बसवा, सुतार बोलवा, तपासणीपर्यंत थांबायचंच नाही. महिन्यात करायच्या: घसरगुंडीखाली माती किंवा गवत हे काही पडण्यापासून वाचवणारं धरत नाहीत, वाळू घाला. त्याच अमेरिकन हँडबुकात नऊ इंच वाळू चार फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते असं आहे, दबते म्हणून सुरुवातीला बारा इंच टाकायला सांगतात. तुमच्या खांद्याएवढी उंची म्हणजे चार फुटांच्या वर जाईल, तेव्हा एकतर घसरगुंडी छोटी बसवा नाहीतर ती तोपर्यंत बांधून बंद ठेवा. आणि तिसरा ढीग, जो तुमच्या हातात नाही, संस्थेनं ठरवायचा: आणखी एक माणूस, आणि पट. ३४ चा पट कागदावर का ठेवलाय ते साहेबांना विचारा, उत्तर बहुतेक अनुदानाशी निघेल, पण विचारा.

हे तीन ढीग तारखा घालून, फोटो लावून, तपासणीवाल्यांच्या हातात तुम्हीच आधी द्या. दोष स्वतःहून दाखवून त्यावर तारीख टाकलेली बालवाडी आणि दोष लपवलेली बालवाडी यांच्याकडे बघायची नजर वेगळी असते, निदान माझी असायची. सगळेच तसे असतील असं मात्र लिहून देत नाही.

दोन_पोरांची_आई:

आणि त्या दोन भावंडांची नावं रजिस्टरमध्ये घाला बरं का आधी. आग लागली तर बाहेर मोजताना ती दोघं मोजलीच जाणार नाहीत!! कागदावर नाहीत ना.

नवखी_आहे:

हे लक्षातच आलं नव्हतं 😟 आत्ताच बाईंना फोन केला, त्या फाटकापाशी आल्या असतील म्हणून लागला. नावं घातली. म्हणजे पट आता ३६ झाला आणि जागा होती तेवढीच, साहेब काय म्हणतील देव जाणे. सुतार उद्या येतोय दारासाठी. बाई म्हणाल्या की विहिरीचे दगड रचायला संध्याकाळी चार पालक येतो म्हणालेत, कुणीतरी विचारायची वाट बघत होते.

पाणीदादा, लॅबवाले म्हणतात पिंपाच्या नमुन्यात ई कोलाय सापडलंय, उगमाचा स्वच्छ आहे, नायट्रेट ३१. पिंप घासून नळ बसवला तर पुन्हा नमुना किती दिवसांनी देऊ?

पाणी_बघणारा:

नळ बसवून, क्लोरिनच्या पाण्यानं धुऊन, नेहमीसारखं दोन-तीन दिवस वापरू द्या आणि मग द्या. धुतल्या धुतल्या दिला तर चांगलाच येणार, त्यात काय हशील. तोपर्यंत उगमाचं पाणी उकळून, झाकणाच्या दुसऱ्या भांड्यातून ओतून द्या. नायट्रेट ३१ म्हणजे मर्यादेत आहे, पण वर्षातून एकदा बघत राहा, आणि पुढचा नमुना मोठा पाऊस पडून गेल्यावर घ्या.